बातमी सेक्रेटरीकडूनच

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी धोंडिरामअण्णांच्या मुलाचा, प्रांजलचा फोन आला, तेव्हा मालनच्या एका हातात मिक्सरचं भांडं होतं आणि दुसऱ्या हातात पकड. ब्लेड गंजून बसलं होतं आणि जाम हलत नव्हतं. तिने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला.

"काकू, अण्णा गेले," प्रांजल म्हणाला. "पावणेनऊला, घरीच. दोन वाजता काढायचं ठरलंय. कुर्ल्याची आत्या यायचीय. तुम्ही ग्रुपवर टाकाल ना?"

"टाकते रे बाळा."

एवढंच बोलून तिने फोन ठेवला. धोंडिरामअण्णा गेले म्हटल्यावर तिला रडू कोसळायला हवं होतं. तिच्या नवऱ्याच्या माघारी ह्याच अण्णांनी तिला दुकान सोडू दिलं नव्हतं, दुकानदार संघाची सेक्रेटरीसुद्धा त्यांनीच केलं होतं. पण रडू आलंच नाही. मान आपोआप भिंतीवरच्या घड्याळाकडे वळली. चाळीस मिनिटांनी सर्वेवाले येणार होते.

बोरीवली पूर्वेची टपाल गल्ली म्हणजे छत्तीस गाळ्यांचा बाजार. एका टोकाला भाजी, दुसऱ्या टोकाला झेरॉक्स, मध्ये फॉल-बिडिंग, चष्मे, फरसाण, कुकरच्या रिंगा आणि मालनचं मिक्सर-इस्त्री दुरुस्तीचं दुकान. जागा मोडकळीला आलेली. पालिकेच्या योजनेत तिथे नवी मंडई उभी राहायची होती आणि जुन्या दुकानदारांना त्यातच गाळे मिळायचे होते. अट मात्र एक होती. सर्वेच्या दिवशी छत्तीसपैकी निदान तीस दुकानं उघडी हवीत, परवानाधारक दुकानात हजर हवा, तसा फोटो हवा. तीस भरली तर 'चालू बाजार'. एकोणतीस झाली तर बाजार यादीतून बाद आणि जागेवर पार्किंग.

हे सगळं दोन वर्षांपूर्वीच होऊन जायचं. पण तेव्हा सर्वेवाले आले त्या दिवशी अख्ख्या गल्लीची शटरं खाली होती. माणसाने टॅबवर छत्तीस वेळा 'बंद' लिहिलं आणि तो चहासुद्धा न पिता निघून गेला. शटरं खाली होती, कारण त्या सकाळी राजेश गेला होता. राजेश म्हणजे मालनचा नवरा.

टपाल गल्लीची रीतच तशी. संघाचा सभासद गेला की सगळा बाजार बंद, आणि माणूस स्मशानातून मोकळा होईपर्यंत कोणी शटरला हात लावायचा नाही. मग दिवाळीचा आदला दिवस का असेना. फक्त बातमी पक्की हवी. एकदा चष्मेवाला जिवंत असताना कोणीतरी आवई उठवली आणि तो स्वतःच रिक्षातून उतरून विचारू लागला की आज काय झालं म्हणून. तेव्हापासून नियम झाला, की बातमी सेक्रेटरीकडूनच. तिने ग्रुपवर टाकलं, की अध्यक्ष पहिलं शटर पाडणार आणि मग ओळीने सगळे.

राजेशच्या वेळी अध्यक्ष होते अण्णा. पहिलं शटर त्यांनी पाडलं. त्यापायी बाजार बुडाला, पण दोन वर्षांत एकानेही मालनला चकार शब्दाने बोल लावला नाही. सर्वेवाले न कळवता आले, आपलं नशीब, असंच सगळे म्हणत. कोणी तोंडावर बोललं असतं तर तिने भांडून मोकळं तरी केलं असतं. न बोलण्याने ती वाकली. म्हणून तर तिने पालिकेचे, त्या सर्वेच्या कंपनीचे, नगरसेवकाच्या ऑफिसचे उंबरे झिजवले, अर्जांच्या प्रती जागोजागी दिल्या आणि फेरसर्वे मिळवला. तारीख आजची, वेळ दहा ते एक. पुन्हा संधी नाही, हे पत्रात ठळक अक्षरांत होतं.

आणि आजच अण्णा गेले.

तिने फोन उघडला. ग्रुपवर चंद्रप्रकाशने सकाळीच 'आज सर्वांनी वेळेवर हजर राहावे' असं टाकून वर तीन हात जोडले होते. तिने टाइप केलं, 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की', आणि बोट थांबलं. पाठवायचं बटण हिरवं, केवढंसं. तिने सगळी अक्षरं खोडली, फोन ड्रॉवरमध्ये उपडा ठेवला आणि ड्रॉवर ढकलून दिला. एक वाजेपर्यंत फक्त. अण्णांना आता घाई कसली, असं तिने स्वतःला सांगितलं आणि सांगता सांगता तिची तिलाच लाज वाटली.

तेवढ्यात दारात सावली पडली. चंद्रप्रकाशच होता. झेरॉक्सवाला, संघाचा खजिनदार, अण्णांच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहणारा.

"वहिनी, सगळं ठीक?"

"ठीक म्हणजे? यायचेत ना ते दहाला."

"हां, ते येतील. दुसरी काही बातमी?"

मालनच्या हातातली पकड काउंटरवर आपटली. "कसली बातमी?"

"नाही, असंच. अण्णांची तब्येत डाऊन होती ना, म्हणून विचारलं."

"बरे असतील," ती म्हणाली.

"असतील, असतील," चंद्रप्रकाश म्हणाला, एक क्षण तिच्याकडे बघत राहिला आणि निघून गेला. ह्याला माहीत असेल तर? माहीत असेल तर गप्प का? आणि नसेल तर अण्णांचं नाव आजच तोंडात कसं आलं? तिने त्या भांड्याचं ब्लेड एवढ्या जोराने पिळलं की तेही बिचारं सुटून हातात आलं.

दहाला पाच कमी असताना सर्वेच्या रेवती मॅडम आल्या. पंचविशीची मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, आवाज अगदी सरळ. ओरडली असती तर बरं, इतकी ती शांत होती. तिला कोणाचं वाईट करायचं नव्हतं आणि बरंही. "जे आहे ते दिसलं पाहिजे," एवढंच ती म्हणाली आणि भाजीपासून सुरू झाली.

मालनने रात्री झोपताना हिशेब करून ठेवला होता. छत्तीसपैकी तीन गाळे कायमचे बंद, माणसं गावाला स्थायिक झालेली. चौथ्यावर भावाभावांचं कुलूप. पाचवा अण्णांचा, केरसुण्या, सुपं, काथ्या-सुतळीचा, अण्णांनी अंथरूण धरल्यापासून दोन महिने बंद असलेला. उरले एकतीस. म्हणजे एक जास्तीचा. एका दुकानाचा काय तो आधार.

तो आधार आठव्या गाळ्यावरच गेला. फरसाणवाल्याचा परवाना अजून वडिलांच्या नावावर, आणि वडील अंबरनाथला मुलीकडे.

"मॅडम, मीच तर बसतो इथे वीस वर्षं!" तो म्हणाला.

"नाव तुमचं नाही ना काका," रेवती मॅडम म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

बारावा गाळा मालनचा. परवाना तिच्या नावावर झाला होता, तोही अण्णांनीच मागे लागून करवून घेतलेला. मॅडमनी फोटोसाठी टॅब वर धरला. "काहीतरी काम करताय असं दिसू द्या." मालनने मिक्सरचं बटण दाबलं. भांडं मिक्सरवर खडखडायला लागलं. नेमका तेव्हाच ड्रॉवरमधून फोनचा आवाज आला. मिक्सरच्या घरघरीतही तो तिला लख्ख ऐकू आला.

"घ्या ना फोन," मॅडम म्हणाल्या.

"कंपनीचे असतात हो. लोन पाहिजे का, विचारतात."

मॅडम हसल्या, खूण केली, पुढे गेल्या. मालनने ड्रॉवर उघडून पाहिलं. प्रांजल. दुसरा फोनही प्रांजलचाच. मग मेसेज: काकू, ग्रुपवर दिसलं नाही अजून. तिने तो उघडून वाचला नाही, वरच्या वर बघितला, म्हणजे निळ्या खुणा पडायला नकोत. आयुष्यात कोणाच्या बिलात दोन रुपयांचं वायसर जास्त लावलं नव्हतं तिने. आणि आज ह्या खुणांची चोरी करत होती.

ती मॅडमच्या मागोमाग निघाली. दुकानात बसवेना. प्रत्येक गाळ्यासमोर तिला वाटायचं, आता हा विचारणार. फॉल-बिडिंगवाली तिची नजर चुकवून धागा ओवत बसली. चष्मेवाल्याने विनाकारण काच पुसली. एरवी "काय मालनताई, चहा?" म्हणून हाका मारणारी गल्ली आज शहाण्यासारखी गप्प होती. सर्वेचं टेन्शन असेल, असं तिने मनाला बजावलं. पण मान खाली घालून बसायला टेन्शन कशाला लागतं?

बाविसाव्या गाळ्यावर दुसरा दणका बसला. कुकरवाल्याचं दुकान उघडं, पंखा चालू, माणूस गायब. दाताच्या डॉक्टरकडे गेला होता आणि त्याचा जबडा तिकडे अर्धा बधिर करून ठेवला होता. फोन लावला तर त्याला नीट बोलताही येईना.

"दहा मिनिटं थांबते," रेवती मॅडम म्हणाल्या आणि थांबल्याही. दहाची पंधरा झाली. मग त्यांनी 'मालक अनुपस्थित' असं लिहिलं.

एकतीसमधून दोन गेले. एकोणतीस. पार्किंग.

छत्तिसाव्या गाळ्यापर्यंत जाऊन मॅडम परत आल्या तेव्हा पाऊण वाजला होता. त्यांनी टॅब मालनसमोर धरला. आकडा तोच होता. "सॉरी ताई. एकाने कमी पडलं. सबमिट करायच्या आधी एकदा बघून घ्या."

"मॅडम, एक वाजेपर्यंत वेळ आहे ना? अजून पंधरा मिनिटं आहेत ना?" मालन म्हणाली. "तो कुकरवाला येईल हो. रिक्षात बसलाय." कुकरवाला रिक्षात बसलाय की खुर्चीत, तिला काय माहीत. आज एकामागून एक थापा तोंडातून नुसत्या गळत होत्या.

"एकपर्यंत थांबते," मॅडम म्हणाल्या.

आणि मालनला गल्लीच्या तोंडाशी प्रांजल दिसला.

स्कूटर भिंतीला लावून तो चालत येत होता. अंगात कालचाच शर्ट, डोळे सुजलेले. तो काय न्यायला आलाय हे तिला त्याच क्षणी कळलं. टपाल गल्लीत कोणी गेलं की तिरडी बांधायचा काथ्या अण्णांच्या दुकानातून जायचा. राजेशसाठीही तिथलाच गेला होता. आता अण्णांसाठी त्यांच्याच दुकानातला न्यायला मुलगा आला होता. आणि बाजार उघडा होता. भाजीवाली गिऱ्हाइकाशी वांग्यांवरून वाद घालत होती. कुठेतरी रेडिओ लागला होता.

प्रांजल चालत राहिला. डावीकडे बघत, उजवीकडे बघत. कोणी त्याला हाक मारली नाही. सगळ्यांच्या माना खाली. आता हा ओरडणार, आता सगळ्यांसमोर विचारणार, काकू, सकाळी सांगितलं होतं ना तुम्हाला? आणि एकदा ते बोललं गेलं की बातमी झाली. शटरं पडणार, आणि जो काय पाव तासाचा जीव शिल्लक होता तोही जाणार.

तो तिच्याजवळून गेला. एकदाच तिच्याकडे बघितलं. एकतिसाव्या गाळ्याचं कुलूप काढलं आणि शटर वर ढकललं. दोन महिन्यांनी उघडलेल्या शटरचा आवाज गल्लीभर गेला.

रेवती मॅडम वळल्या. "हे बंद होतं ना? चालू आहे का?"

मॅडम तिकडे गेल्या. मागून मालन ओढल्यासारखी गेली. प्रांजल आत उभा, केरसुण्यांच्या जुड्यांमध्ये, हातात काथ्याचं वेटोळं.

"परवाना कोणाचा आहे?"

"वडिलांचा. दुसरं नाव माझं आहे." त्याने भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं. मॅडमनी जवळ जाऊन वाचलं. होतं नाव.

"वडील कुठे आहेत?"

भाजीवालीसुद्धा वांगं हातात धरून थांबली. मालनने डोळे मिटून घेतले.

"घरी आहेत," प्रांजल म्हणाला.

"ओके. दुकान चालू ठेवणार ना पुढे?"

तो एवढा वेळ थांबला की मालनने डोळे उघडले. तो मॅडमकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. "हो," तो म्हणाला.

"मग फोटो घेते. तो दोर आहे ना हातात, राहू दे, छान दिसतोय."

फोटो निघाला. बापाच्या तिरडीचा काथ्या हातात धरून मुलगा सरळ उभा राहिला, आणि टॅबवर तीसचा आकडा आला. मॅडमनी मालनच्या खांद्यावर थाप मारली. "झालं बघा ताई. अभिनंदन." मालनची नजर त्या काथ्यावरून हलेना.

मॅडमची रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. प्रांजल केव्हाच गेला होता. मालनने ड्रॉवरमधून फोन काढला, बातमी लिहिली आणि पाठवली.

दहा सेकंदही झाले नसतील. ग्रुपवर चंद्रप्रकाशकडून एक फोटो आला. काळी चौकट, अण्णांचा हसरा चेहरा, हार, खाली दोन्ही बाजूंना समया, 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि आजची तारीख. अक्षरं नीट मांडलेली, रंग जुळवलेले. दहा सेकंदांत असं काही होत नाही, हे मिक्सर दुरुस्त करणारीलाही कळत होतं. त्याखाली पटापट हात जोडले गेले, अख्ख्या बाजाराचे, आणि बाहेर शटरं कोसळायला लागली.

ती तरातरा झेरॉक्सच्या दुकानाशी गेली. चंद्रप्रकाश कुलूप लावत होता.

"कधी कळलं तुला?"

"नऊला. आमच्या बाल्कनीतून दिसतं सगळं." तो कुलपाकडेच बघत होता.

"मग मला का नाही सांगितलंस रे? सकाळी दारात येऊन उभा राहिलास की!"

"सांगून काय, वहिनी? नियम आहे ना, बातमी सेक्रेटरीकडूनच. मी सगळ्यांना बोललो, वहिनीने टाकलं तर पाडू शटर, नाही टाकलं तर आपल्याला काही माहीत नाही." मग त्याने मान वर केली. "खरं सांगू? मला वाटलं होतं, तुम्ही टाकणार. राजेशभाईंच्या वेळचं आठवून तरी टाकणार. मी तर घाबरूनच होतो सकाळपासून."

सगळ्या गल्लीने मिळून मालनच्या एकटीच्या बोटावर ओझं ठेवलं होतं आणि ती मात्र सगळ्यांपासून लपवतेय म्हणून सकाळभर कापत होती.

अण्णांच्या बिल्डिंगखाली बाजार जमला. पुरुष खाली थांबले, मालन जिना चढून वर गेली. दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या चढायला तिला दहाव्या मजल्याचा दम लागला. घरात अण्णांना आंघोळ घालून ठेवलं होतं. डोक्याशी काकी बसल्या होत्या, अण्णांची बायको. सत्तरीची, हाडकुळी, मुंबईत पन्नास वर्षं काढूनही बोली मालवणची तशीच राखलेली. कुर्ल्याची आत्या बाजूला हुंदके देत होती. काकी रडत नव्हत्या. त्यांनी मालनकडे पाहिलं.

"बाजार कधी बंद केलस, मालन?"

आत्या हुंदका थांबवून बघायला लागली. दारात प्रांजल उभा होता. 'आत्ताच कळलं हो काकी' म्हणायला फार कष्ट नव्हते. प्रांजल बोलला नसता, आज तो एकदा गप्प राहिला होताच. सकाळपासून तिच्या तोंडून डझनभर थापा सुटल्या होत्या, अजून एकीने काय बिघडणार होतं? पण समोर अण्णांचा चेहरा होता.

"एक वाजून गेल्यावर, काकी," ती म्हणाली. "प्रांजलने मला सकाळीच सांगितलं होतं. मीच दाबून ठेवलं. सर्वे होता."

काकींनी मान हलवली. अण्णांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"राजेश गेलो त्या दिसाक पण सर्वे होतो," त्या म्हणाल्या.

"हो काकी. न कळवता आले होते ते."

"कळवल्याशिवाय नाय. पत्र आदल्या सांजेकच इल्ला. ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. मी म्हटलंय, अवो, आज शटर पाडू नुको, पस्तीस लोकांच्या पोटाचो प्रश्न आसा. तर माझ्यावरच रागावले. म्हणाले, त्या मालन चेडवाचो घोव गेलोहा, ता एकटा घरात बसला, आणि मी बाजार उघडो ठेवू?" काकी थांबल्या. "पत्र फाडून टाकल्यानी. कोणाक सांगलंस तर बघ, म्हणाले. मालनेक तर नायच नाय."

खालून कोणीतरी हाक मारली, चला, उशीर होतोय. चार माणसं वर आली. चंद्रप्रकाश सगळ्यांत पुढे होता. बायका उठल्या, आत्याने टाहो फोडला. मालन वाटेतच उभी होती, तिला कोणी हाताला धरून बाजूला केलं. प्रांजल वडिलांच्या पायाशी वाकला तेव्हा त्याच्या तळहातांवर काथ्याने ओढलेल्या लाल रेघा तिला दिसल्या.

अण्णांना उचललं. जिन्यात वळताना सगळ्यांची तारांबळ उडाली. काकी उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. मालनने त्यांना धरायला हात पुढे केला. काकींनी तिच्या हाताकडे पाहिलं, स्वतःचा हात पदरात घेतला आणि दुसऱ्या हाताने दाराची चौकट धरली.

मालन तिथेच, एका पायरीवर खाली उभी राहिली. बाजार पास झाला होता.